फ्रॉड, चीटिंग आणि फिशिंग

बँकेत गेलो की 'फ्रॉड' ऐकतो, पोलीस ठाण्यात 'चीटिंग'. दोन्ही म्हणजे आपली फसवणूकच. कायद्यात तिचं कलम ४२०, म्हणून लबाडाला आपण चारसोबीस म्हणत आलो. १ जुलै २०२४ पासून ते कलम ३१८ झालं, लबाड तेच!

'फिशिंग' मात्र नीट समजून घेऊ. हा शब्द मासेमारीवरून आलाय. मोबाइलवरची खोटी लिंक हा गळ. बक्षीस लागलंय किंवा खातं बंद पडेल, हे आमिष. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. कुणी पिन मागितला की फोन ठेवायचा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन लावायचा. 'आमची फसवणूक झाली', मराठीतच सांगायचं.