खून झालेल्या बाईची गोष्ट

आज एका खुनाच्या कादंबरीबद्दल बोलायचंय. नाव ‘द ब्लॅक डेलिया’, म्हणजे काळा डेलिया. आपण कुंडीत लावतो तेच फूल. जेम्स एलरॉय या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी १९८७ साली आली.

खून मात्र खरा. जानेवारी १९४७ मध्ये लॉस एंजेलिस शहरात एका मोकळ्या प्लॉटवर एलिझाबेथ शॉर्ट या २२ वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं. आपल्या लहान लेकीला घेऊन निघालेल्या एका बाईला ते दिसलं. कसल्या अवस्थेत होतं ते मी सांगणार नाही. कादंबरीत आहे, सोसत नसेल तर ती पानं खुशाल उलटा. खुनी आजतागायत सापडलेला नाही.

मला त्यानंतरचं जास्त भयंकर वाटतं. एका वर्तमानपत्रातून तिच्या आईला फोन गेला: तुमची मुलगी सौंदर्यस्पर्धेत जिंकली. आईकडून मुलीची सगळी माहिती काढून घेतली आणि मग सांगितलं, तिचा खून झालाय. ‘ब्लॅक डेलिया’ हे नावही वर्तमानपत्रांनीच गाजवलं. ती काळे कपडे घालायची, पुरुषांबरोबर फिरायची, यावर रकाने भरले. मारणारा राहिला बाजूला, चर्चा तिच्या चालीची. हे आपल्याला काही नवीन नाही, बायांनो.

कादंबरी सांगतो एक तरुण पोलीस, पूर्वीचा बॉक्सर. तपास करता करता तो आणि त्याचा जोडीदार त्या मेलेल्या मुलीपायी वेडे होतात. जो तो तिच्याबद्दल बोलतो. तिला स्वतःला बोलायला जागाच नाही. शेवटी खुनी सापडतो, पण तो लेखकाच्या कल्पनेतला. (गटात मोठ्यानं वाचायचं पुस्तक नव्हे हे, शिव्या फार आहेत.)

आता लेखकाचं ऐका. तो दहा वर्षांचा असताना, १९५८ मध्ये, त्याच्या आईचा खून झाला. ती नर्स होती. तोही खुनी सापडला नाही. अकराव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याला एक पुस्तक दिलं, पोलिसांच्या कामाचं. त्यात त्याला एलिझाबेथची हकिगत भेटली. पुढे ही कादंबरी त्यानं आईलाच अर्पण केली.

त्यानंतर एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला बरोबर घेऊन त्यानं आईच्या खुनाचा तपास पुन्हा सुरू केला. खुनी मिळाला नाही. पण आई कोण होती, कुठून आली, कशी जगली, हे तो शोधत गेला आणि १९९६ मध्ये त्यावर वेगळं पुस्तक लिहिलं. त्यात आईचं नाव खरं आहे.