तळ्यातले शेवाळ: मोरचुदाआधी मूठ आवरा



उन्हाळा लागला की भुसावळात ज्यांच्या अंगणात माशांचे तळे आहे, ते एकच प्रश्न विचारतात: पाणी हिरवे झाले, आता काय टाकू? कुणी मोरचूद सुचवतो, कुणी ब्लीचिंग पावडर, कुणी तुरटी. आज मी या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न घेणार आहे. आजवर आपण त्या तळ्यात काय काय टाकत आलो?

समोर केळीवाले बरेच दिसतात, म्हणून हिशेब खताच्या भाषेत मांडतो. माशांच्या दाणेदार खाद्यात साधारण 30 टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे 16 टक्के नत्र. रोज 20 ग्रॅम खाद्य म्हणजे महिन्याला 600 ग्रॅम, आणि त्यात जवळपास 29 ग्रॅम नत्र. मासा त्यातला तिसरा-चौथा हिस्सा अंगी लावतो. उरलेले कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे पाण्यातच येते. वीसेक ग्रॅम शुद्ध नत्र म्हणजे 45 ग्रॅमच्या आसपास युरिया. दर महिन्याला मूठभर युरिया आपण त्या लहानशा तळ्याला देतो, वर स्फुरद वेगळे. त्यात देवाचे निर्माल्य पडते, झाडांचा पाला पडतो, पहिल्या पावसात कुंड्यांतले खत वाहून येते. एवढे पोसल्यावर तिथे काही उगवणार नाही, ही अपेक्षा कुठला शेतकरी करील?

यातही खरी किल्ली स्फुरदाकडे असते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी 1973 साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नत्र आणि कर्ब सोडला, एकाच भागात जोडीला स्फुरद. स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा तसा झाला नाही. त्या तळ्याचा विमानातून घेतलेला फोटो जगभर गाजला. प्रयोगशाळेतल्या वादांनी जे पटले नव्हते, ते त्या एका चित्राने लोकांना पटवले.

आपल्याकडेही हा विषय नवा नाही. एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तलावातले शेवाळ ऋतूंप्रमाणे कसे बदलत जाते याचा अभ्यास करून 1946 साली तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. मुंबईच्या गर्दीतल्या एका तलावावर कुणी इतकी नजर ठेवली, याचे मला फार मोल वाटते. आपल्या अंगणातल्या तळ्याकडेही तशीच वर्षभर नजर हवी. मे महिन्यातच जागे होऊन भागत नाही.

आता भुसावळचे ऊन. पारा 45 च्या वर जातो, उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटीमीटरभर आणि कधी त्याहूनही जास्त पाणी उडून जाते. उडते ते फक्त पाणी. क्षार आणि खत मागेच राहतात. आपण नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याची भर घालतो, त्यात पुन्हा क्षार येतात, आणि केळीच्या पट्ट्यातल्या बोअरला तर वर्षानुवर्षे शेतात दिलेल्या खताचा अंशही असतो. तळे दिवसेंदिवस घट्ट होत जाते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ‘दर आठवड्याला पाणी बदला’ हा पुस्तकी सल्ला इथे कामाचा नाही. तळे पूर्ण उपसून, भिंती घासून, ब्लीचिंगने धुणारेही आहेत. पंधरा-वीस दिवसांत ते पुन्हा हिरवे होते, कारण घाण पचवणारे जिवाणू आणि खत वाटून घेणाऱ्या वनस्पती, सगळेच त्या धुण्यात गेलेले असते. भिंतीवरचा पातळ हिरवा थर राहू द्या. मासे तो खुडून खातात.

सगळ्यात घातक उपाय मोरचूद. तो शेवाळ मारतो, यात शंका नाही. पण मेलेले शेवाळ कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना 7 सुद्धा मावत नाही. त्यात जिवंत शेवाळही दिवसा प्राणवायू देते आणि रात्री ओढून घेते. म्हणून पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी, पाण्यात तो सर्वांत कमी असतो. तेव्हाच मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. संध्याकाळी मोरचूद टाकणारा माणूस सकाळी मेलेले मासे बघतो आणि दोष विषाला देतो. मोरचुदातल्या तांब्याचे विष खरे आहेच, मऊ पाण्यात ते जास्त चढते. पण पुष्कळदा मासे गुदमरून मरतात. आणि तांबे कुजत नाही, तळाच्या गाळात साठत राहते.

कारंजे बहुतेक घरांत संध्याकाळी पाहुण्यांसाठी चालू असते आणि झोपताना बंद होते. माशांना त्याची गरज मध्यरात्रीनंतर सूर्य उगवेपर्यंत असते. मे महिन्यात वेळ उलटी करा.

पाणी वाटाण्याच्या सुपासारखे हिरवे झाले असेल तर ते एकपेशीय शेवाळ. ते स्पंजच्या गाळणीतून सहज निसटते. पंपाला जोडलेला अतिनील दिवा त्याला आवरतो. लांब केसांसारखे झुबके असतील, स्पायरोगायरासारखे, तर त्यांना या दिव्याचा काही उपयोग नाही, ते हातानेच काढायचे. बांबूच्या टोकाला खराट्याच्या काड्या बांधून पाण्यात गोल फिरवा, झुबका गुंडाळून वर येतो. बाहेर टाकण्याआधी तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत हलवा, म्हणजे त्यात अडकलेली पिल्ले आणि चतुराची अळी वाचेल. मग तो कढीपत्त्याच्या किंवा केळीच्या बुंध्याशी पसरा. तळ्यात साठलेले नत्र-स्फुरद बागेत परत नेण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

हे काम मृगाच्या आत करा. दाट झुबक्यात डासांची अळी लपते आणि गप्पी मासे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. हिवताप-डेंग्यूच्या दिवसांत हा धोका लहान नाही.

सावलीसाठी रोपवाटिकेतले अर्ध्या सावलीचे शेडनेट पुरते. ते चैत्रापासून दुपारच्या उन्हाच्या बाजूने ताणा. त्याहून सुंदर सावली कमळाची आणि कुमुदिनीची. पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की शेवाळाला ऊनच मिळत नाही, आणि मुळे खतातला वाटाही उचलतात. जलपर्णीही स्फुरद झपाट्याने शोषते, पण ती काढून टाकली तरच उपयोग. आणि कळकळीची विनंती, काढलेली जलपर्णी नाल्यात फेकू नका. तो नाला तापीला मिळतो, आणि तापीचेच पाणी आपण पितो.

शेततळेवाल्यांना हाच त्रास ठिबकच्या गाळणीत आणि ड्रिपरच्या तोंडाशी होतो. त्यांच्यासाठी सिल्व्हर कार्प आहे, सूक्ष्म शेवाळ गाळून खाणारा. तो आणि गवत्या (ग्रास कार्प) हे दोन्ही मासे 1959 साली भारतात आले, पहिला जपानहून, दुसरा हाँगकाँगहून. अंगणातल्या तळ्यात मात्र गवत्या सोडू नका. तो किलोकिलोने वाढतो आणि अर्धवट पचलेले खत पाण्यातच टाकतो.

परदेशातले लोक तळ्यात सातूचा पेंढा टाकतात, तसा गव्हाचा भुस्सा टाकू का, असे इथे विचारले जाते. थंड देशात तो पेंढा सावकाश कुजून नव्या शेवाळाला अडवतो, असा अनुभव आहे. आपल्या तापलेल्या पाण्यात तो झपाट्याने कुजेल आणि प्राणवायूच खाईल. टाकू नका.

खाद्याचे माप एकच: तीन-चार मिनिटांत जेवढे संपते तेवढे, तेही ऊन वर आल्यावर, संध्याकाळी उशिरा नाही. घरातल्या मुलांना मासे भरवायला फार आवडते. त्यांना ही मोजणी शिकवा, डबा त्यांच्याच हाती द्या आणि मोरचुदाची पुडी घरात आणूच नका.