फोन बदलण्याआधी राऊटर बघा

आम्ही औंढा नागनाथहून बोलतोय.

आमच्या सचिवताईंच्या घरी नवा वायफाय राऊटर बसला. बचत गटाची बैठक तिथंच भरते, म्हणून आम्हीही पासवर्ड घेतला. सगळ्यांचे फोन जोडले गेले, पण एका मावशींच्या फोनवर वायफायचं नावच दिसेना. पुढच्या बैठकीत मावशींनी नव्या फोनसाठी सहा हजारांचं कर्ज मागितलं. आम्ही मंजूरही करणार होतो.

फोन मात्र धडधाकट होता. वायफायचे मुख्य दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुने, स्वस्त फोन बहुतेक वेळा २.४ चाच पट्टा ओळखतात. तोच बंद ठेवलेला होता. सेटिंगमध्ये जाऊन चालू केला आणि मावशींचा फोन लगेच जोडला गेला. कर्जाचा अर्ज मागे घेतला. शिवाय हा पट्टा भिंतींपलीकडं जास्त लांब पोचतो.

कधी नाव दिसतं, पासवर्डही बरोबर असतो, तरी फोन जोडला जात नाही. तेव्हा सुरक्षेचं सेटिंग बघा. तिथं फक्त ‘डब्ल्यूपीए ३’ असेल, तर ‘डब्ल्यूपीए २ आणि ३’ असं एकत्र ठेवा. ३ ही पद्धत २०१८ साली आली, त्याआधीच्या बऱ्याच फोनना ती कळत नाही.

जुन्या फोनमुळं बाकीच्यांचा वेग कमी होतो का? थोडा होतो. एकाच नळावर अरुंद तोंडाची घागर लागली की मागच्या जणींना थांबावं लागतं, तसंच हे. १९९९ सालच्या ‘बी’ पद्धतीचा वेग जास्तीत जास्त ११ मेगाबिट, २००३ सालच्या ‘जी’ चा ५४. इतकं जुनं ‘बी’ वालं यंत्र घरात कुणाकडंच नसेल, तर तेवढं बंद करा. २००९ च्या ‘एन’ पद्धतीचे फोन मात्र राहू द्या.

एक गोष्ट मात्र कुणासाठीही करू नका. जुनं यंत्र जोडायचं म्हणून ‘वेप’ नावाची जुनी सुरक्षा लावू नका, पासवर्डही काढून टाकू नका. ‘वेप’ चं कुलूप सहज उघडतं, आणि आपल्या फोनवर बँकेचे व्यवहार असतात.

मावशी त्या दिवशी म्हणाल्या, “मला वाटलं, आता मीच जुनी झाले.” मैत्रिणींनो, ते बोलणं आमच्या मनाला लागलं. म्हणून पुढं कुणी फोनसाठी कर्ज मागितलं, तर आधी तिच्या शेजारी बसून राऊटरचं सेटिंग बघा.