मुंबईची रात्र आणि गोमंतकाचे गाणे

(महाजन मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मुंबईची रात्र म्हणताच आजच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे समुद्रकाठची दिव्यांची माळ, हॉटेले आणि कानठळ्या बसविणारे वाद्यवृंद उभे राहतात. त्यांच्या पणजोबांच्या पिढीला मुंबईची रात्र म्हणजे ग्रँट रोड आणि गिरगाव. जेवणे उरकून, पानाची पुडी खिशात टाकून माणसे नऊच्या सुमारास बाहेर पडत, ती दूधवाल्याच्या पावलाबरोबर घरी परतत. गोमंतकातून पोटापाण्यासाठी तेथे गेलेल्या आपल्या माणसांना या जागरणाचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतल्यावर नाटकाचा पडदा वर जावा आणि झुंजुमुंजू होताना खाली यावा, हे त्यांनी बाळपणापासून पाहिलेले होते.

ग्रँट रोडवरचे पहिले नाटकघर १८४६ साली उभे राहिले. त्यामागे नाना शंकरशेट यांचा मोठा हात होता. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये तेथे आपले खेळ केले. पुढे त्या रस्त्याच्या आसपास नाटकगृहांची दाटी झाली आणि पारशी, गुजराती, उर्दू व मराठी नाटके एकमेकांच्या शेजारी नांदू लागली. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाची गुढी उभारली, आणि त्यानंतर रात्र अपुरी पडू लागली. शंभरावर पदे असलेले नाटक, प्रत्येक रंगलेल्या पदाला ‘वन्समोअर’, आणि गाणाराही असा की दुसऱ्या खेपेस तेच पद निराळ्या अंगाने मांडणारा. घड्याळाकडे पाहणार कोण? नटाने पद आवरते घेतले तर प्रेक्षकांना तो पैशांचा अपव्यय वाटे.

त्या काळाचा कळस म्हणावा असा प्रयोग ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला नाटकगृहात झाला. तो ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. तिकिटाचा सर्वात वरचा दर शंभर रुपये होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव निवर्तले. त्यामुळे त्या रात्रीच्या आठवणींना पुढे जवळजवळ दंतकथेचे रूप आले.

त्याच शहरात आपल्या ख्रिस्ती बांधवांची रात्रही घडत होती, आणि तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे अन्यायाचे ठरेल. कोंकणी तियात्राचा जन्म मुंबईत झाला, हे गोव्यातही पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईस आलेल्या इटालियन संगीतनाट्य मंडळीचे खेळ पाहून भारावलेल्या लुकाझिन रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड नाटकगृहात ‘इटालियन भुरगो’ सादर केला. पुढे हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, ताजमहाल हॉटेलात आपला वाद्यवृंद घेऊन जॅझ वाजवू लागले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील त्या रात्री ओसरल्या. गोमंतकीय वादकांना तोवर सिनेमाच्या ध्वनिमुद्रणगृहांनी जवळ केले होते. हिंदी चित्रपटगीतांमागची कितीतरी ट्रंपेटे व व्हायोलिने आपल्या चर्चमधल्या शाळांत नोटेशन शिकलेल्या हातांची आहेत.

परंतु या रात्रीचा गाभा नाटकगृहात वा हॉटेलात नव्हता. तो होता मैफलीत. गिरगावातील एखादे लहानसे सभागृह, एखाद्या शेटजींचा दिवाणखाना, पांढरी बैठक, दोन तानपुरे. जेवणानंतर पहिला राग, मध्यरात्र उलटल्यावर दरबारी किंवा मालकंस आणि उजाडताना भैरवी. आणि तानपुऱ्यांमध्ये बसलेली गायिका? ती बहुधा आपल्याच एखाद्या देवळाच्या परिसरात वाढलेली असे.

अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँ यांच्याकडे शिकल्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची रत्नसदस्यता मिळविणारी पहिली स्त्री म्हणजे त्या. केरीच्या केसरबाई लहानपणापासून एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जात राहिल्या आणि १९२१ पासून मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांपुढे बसल्या. तेव्हा त्यांची तिशी जवळ आली होती आणि गाण्याला नावही मिळाले होते. तरी त्यांनी जणू पहिल्या धड्यापासून प्रारंभ केला. कुर्डीच्या मोगूबाई १९२२ साली मुंबईस आल्या. आई दिवंगत झालेली, नाटक मंडळीतील नोकरी सुटलेली, आणि ज्यांच्यासाठी मुंबई गाठली त्या खाँसाहेबांकडचे शिक्षणही मध्ये खंडित झाले. त्यांनी खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडून विद्या घेतली आणि १९३४ साली अखेर अल्लादिया खाँ यांचाच गंडा बांधला. गिरगावातील चाळीच्या खोलीत त्यांनी ज्या मुलीला तालीम दिली, ती किशोरी आमोणकर. तबल्याला, सारंगीला, पेटीलाही पुष्कळदा आपलाच माणूस असे. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांसमोर गायला बसताना भल्याभल्यांना लयीचा हिशोब पुन्हा तपासून घ्यावासा वाटे.

या मंडळींपैकी अनेकांच्या कानांवर पहिले सूर पडले ते देवळात. पालखीपुढचे गाणे, चौघडा, सुवारी, कीर्तन, भजन, जत्रेचे नाटक. मुंबईने त्यांना खाँसाहेब दिले, श्रोते दिले, आणि आणखी एक गोष्ट दिली. ती या व्यासपीठावरून बोलणे किंचित अवघड आहे. मुंबईने त्यांना नाव दिले. तिकिटावर, जाहिरातीत, ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर केसरबाई आणि मोगूबाई ही अक्षरे उमटली. आपल्या देवळांत त्या घराण्यांच्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या गायल्या. त्यांची सेवा ठरलेली होती, मोबदला ठरलेला होता, उभे राहण्याची जागासुद्धा ठरलेली होती. आपल्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. कोणी कळस दिला, कोणी फरशी घातली, कोणी दीपस्तंभाला रंग दिला, सारे त्यांवर रकमेनिशी वाचता येते. गाणाऱ्या बाईचे नाव किती पाट्यांवर आढळते, हे प्रत्येकाने आपापल्या देवळात जाऊन पाहावे.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात धाडली. त्यांतील सोनेरी तबकडीवर पृथ्वीवरचे निवडक संगीत आहे आणि त्यात केसरबाईंची भैरवी आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंनी देह ठेवला. मैफल संपताना पहाटे गायची ती रागिणी अजून सूर्यापासून दूर दूर जात आहे. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील जोती व वाटा उघड्या पडतात आणि दूर पांगलेले गावकरी तेवढ्यापुरते एकत्र येतात.

मुंबईची ती लांब रात्र पुढे आखडत गेली. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट लागला आणि पुढच्या वर्षी मराठी ‘अयोध्येचा राजा’ आला. अडीच-तीन तासांत, थोड्या आण्यांत गाणी आणि कथा दोन्ही मिळू लागल्यावर नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड पोसणार कोण? मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची बलवंत मंडळीही त्या लाटेत टिकली नाही. उरलेले नाटक आटोपशीर झाले. १९६४ साली गिरगावात साहित्य संघाचे नाटकगृह उभे राहिले खरे, परंतु मराठी माणूस तोवर दादर-पार्ल्याकडे आणि पुढे आणखी उत्तरेला सरकू लागला होता. त्याला शेवटची लोकल गाठायची असे. तिसऱ्या अंकाची लांबी रेल्वेच्या वेळापत्रकाने ठरावी, हा मुंबईचा खास न्याय!

शेवटचा आघात कायद्याचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते उचलून धरले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांपुरती, वर्षातून फार तर पंधरा दिवस, राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही या बंधनात आली. या नियमास दोष देणे योग्य नव्हे. आजारी माणूस, तान्हे मूल, परीक्षेचा विद्यार्थी यांच्या झोपेवर कोणत्याही कलेचा अधिकार नाही, आणि भोंग्यांचा जो अतिरेक झाला होता तो कलेचा नव्हताच. परंतु मैदानांतील रात्रभर चालणारे संगीत समारोह त्यामुळे संपले. दरबारी आता आठला गायिला जातो. मालकंस साडेनऊला आटोपावा लागतो. त्यापुढच्या प्रहरांचे सोहनी, ललत यांच्यासाठी एक तर पहाटेची निराळी मैफल योजावी लागते, नाही तर ते तबकडीतच राहतात. तीस वर्षांचा एखादा चांगला गवई रात्री दोन वाजता श्रोत्यांपुढे कधीच गायिलेला नसतो. त्याचा राग त्या वेळेचा आहे, हे त्याला सांगून ठाऊक असते.

मात्र त्या नियमात एक बारकावा आहे, आणि महाजनांनी तो ध्यानी घ्यावा. बंधन आहे ते उघड्या जागेला. बंदिस्त जागेत, तेथल्यापुरत्याच राहणाऱ्या आवाजाला ते लागू नाही. केसरबाईंच्या उमेदीच्या काळातल्या मैफली ध्वनिक्षेपकावाचून होत आणि शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचत असे. आपले सभामंडप त्याच काळातले किंवा त्याहून जुने आहेत. दगडी वा लाकडी खांब, वर छत, खाली दोन-अडीचशे माणसांची बैठक. दारे लावली की आत तानपुरा स्पष्ट ऐकू येतो आणि बाहेरच्या वस्तीला त्याचा उपद्रव होत नाही.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवल्या जात आहेत. येत्या जत्रेत पालखीनंतर एक रात्र बंद सभामंडपात, ध्वनिक्षेपकाशिवाय, भैरवीपर्यंतच्या गाण्याला द्यावी. गाणारा गोमंतकातला असावा, शक्यतो तरुण असावा आणि त्याला बिदागी अगोदर सांगावी. दुसरी सूचना जुन्या दप्तराची. पोर्तुगीज अमदानीत महाजनांचा कारभार लेखी नियमांनी चाले आणि जमाखर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत. त्या वाळवीने खाण्यापूर्वी दोन-तीन जाणत्यांनी बसून वाचाव्यात. पालखीपुढे गाणाऱ्यांची, मृदंग वाजविणाऱ्यांची, सनई धरणाऱ्यांची जेवढी नावे त्यांत सापडतील तेवढी उतरवून घ्यावीत, आणि सापडणार नाहीत ती त्यांच्या घरी जाऊन विचारावीत. संगमरवरी पाटीला खर्च फारसा येत नाही. सभामंडपात उत्तरेकडच्या भिंतीवर अजून जागा आहे.