कोयनेचं पाणी कुठं जातं?



पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा सुरू झाला की नेकनूर-मांजरसुंब्याच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागते. बालाघाटावर पाणी उंचावरून कोसळताना दिसावं, हे आपल्या नशिबी वर्षातले मोजकेच दिवस. त्या ओढीनं आता आपल्या भागातली माणसं सह्याद्रीतली धरणं बघायलाही जातात. त्यातलं कोयना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कोयनानगरला जो तो भिंत बघतो. 103 मीटर उंच भिंत, सहा वक्र दरवाजे. नेहरू उद्यानातून तिचे फोटो काढायचे, पुढं ओझर्ड्याचा धबधबा, जमलं तर तापोळ्याला धरणाच्या शिवसागर जलाशयात बोट. झाली सहल. पण वीज या भिंतीपाशी फारशी होतच नाही. प्रकल्पाच्या 1960 मेगावॅटपैकी धरणाच्या पायथ्याला होते फक्त 40. बाकीची सगळी डोंगरापलीकडं. कोयना ही पूर्वेकडं वळणारी नदी, आणि तिचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेलंय. घाटमाथा संपला की कोकण एकदम खाली आहे. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पाणी जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली उतरतं आणि चाकं फिरवतं. संध्याकाळी राज्यात दिवे लागले, मागणी वाढली, की काही मिनिटांत ही वीज हजर होते. ते मोल मोठंच आहे.

मग ते पाणी वाशिष्ठीला मिळून समुद्रात जातं. धरणाची क्षमता 105 टीएमसी, त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी ठरलेलं. पूर्वेला सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं. त्याच खोऱ्यातला ऊस तोडायला आपले कोयते दरवर्षी जातात. आणि 2016 साली धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी कृष्णेचंच होतं.

शिवसागराच्या पाण्याखाली गावं आहेत, हेही बोटीत बसताना ध्यानात असावं. तिथली माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडं पांगली. त्यांच्या नातवंडांनाही पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसावं लागलं.

माझं मत स्पष्ट आहे. विजेला आता इतर वाटा आहेत. आपल्याच बालाघाटावर पवनचक्क्या फिरताहेत. पाण्याला दुसरी वाट नाही. समुद्राकडं जाणाऱ्या त्या पाण्यातलं थोडं तरी हळूहळू दुष्काळी भागाकडं वळावं, ही मागणी मराठवाड्यानं लावून धरली पाहिजे.

ऊसतोडीला गेलेल्या भावांनो, बहिणींनो, पट्टा पडल्यावर परतताना एक दिवस काढा. पोरांना कोयनानगर दाखवा, मग कुंभार्ली घाटात न्या. वीजगृहात परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण घाटातून खाली पोफळीकडं बघितलं की पाणी किती खोल उतरतं ते पोरांना कळेल. पुढं ते कुठं जातं, हे तुम्ही सांगा.