हौसेची सायकल, गरजेची सायकल

(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषणाचा मजकूर)



एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शिरूर-दौंडकडेही दुधाच्या किटल्या लटकवून निघालेला गवळी, पत्रे वाटणारा पोस्टमन, कॅरिअरला कापडाचा गठ्ठा बांधून आठवडे बाजार गाठणारा फेरीवाला, या सर्वांचा संसार दोन चाकांवर चालत असे. पुढे स्कूटर-मोटारसायकली आल्या आणि सायकल पडवीत गेली. आता ती पुन्हा रस्त्यावर आली आहे; मात्र या वेळी ती हौस म्हणून आली आहे. गिअरची, हलक्या धातूची, कधी कधी मोटारसायकलहून महाग!

या हौसेची परंपरा लहान नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर पार करून 1928 मध्ये परतले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर फिरून आली. जानेवारी 2026 मध्ये तर पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय शर्यतच झाली. परंतु शर्यत वेगळी आणि सहल वेगळी. सहलीत मागे राहिलेल्यासाठी पुढच्याने थांबायचे असते.

अशा सहलीसाठी शिरूर आणि दौंड या तालुक्यांइतका सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. मोठे घाट नाहीत, आणि भीमा, घोड, कुकडी या नद्या सतत सोबतीला आहेत. शिरूरहून निघोजकडे गेले की कुकडीच्या पात्रात पाण्याने काळ्या खडकात कोरलेले रांजणखळगे दिसतात. दौंडहून सिद्धटेकला जाताना पूर्वी शिरापूरपाशी नावेने भीमा ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. त्याच नदीकाठी पेडगावचा बहादूरगड आहे. 1689 मध्ये संभाजी महाराजांना कैद करून तेथे आणले गेले. पुढे तुळापूरला त्यांचा अंत झाला आणि शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. पेडगाव ते वढू असा भीमेच्या काठाकाठाने दोन दिवसांचा प्रवास आखला, तर इतिहासाचे एक अख्खे प्रकरण सायकलवरून वाचता येईल.

एका दिवसाचा बेत असेल तर शिरूरहून न्हावरेमार्गे पारगावला भीमा ओलांडावी आणि केडगावला यावे. 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना पंडिता रमाबाईंनी येथेच आसरा दिला. पुढे दौंड जंक्शन असल्याने थकलेल्यास आगगाडीने परतता येते. पुणे-शिरूर हा हमरस्ता मात्र शक्यतो टाळावा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीचे कंटेनर तेथे दिवसरात्र धावतात. त्या रस्त्यावरून गेलेच, तर वाघोलीस क्षणभर थांबावे. 1993 च्या लातूर भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी येथेच आणले होते.

काळ कोणता निवडावा? चातुर्मासात जीवरक्षणासाठी प्रवास आवरता घेण्याची आपल्याकडील रीत सायकललाही लागू पडते. ओल्या रस्त्यावर गोगलगायी, गांडुळे चाकाखाली येतात ती दिसतही नाहीत. कार्तिकी पौर्णिमेनंतर हवा सुखद असते. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येऊ लागतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या मंडळींमुळे संयोजकाचे काम उलट सोपे होते, कारण अंधार पडण्याच्या आत मुक्काम गाठावाच लागतो.

परंतु हाच उसाच्या गाळपाचा हंगाम असतो, आणि येथेच जिवाशी गाठ आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या. अनेकांना मागे दिवा नसतो की चमकणारी पट्टी नसते. पहाटेच्या धुक्यात अशी ट्रॉली समोर आली की ब्रेक दाबण्यापूर्वीच टक्कर होते. पहाटे विहार करणाऱ्या साधू-साध्वींचे अपघात समाजाने सोसले आहेत. विहारसेवेचे तरुण चमकणारी जाकिटे घालून त्यांच्यासोबत चालतात ते त्यामुळेच. सायकलस्वारांनी हा धडा नव्याने शिकण्याचे कारण नाही. शिवाय 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. बिबट्या उसातच लपतो. तेव्हा सूर्य वर आल्याखेरीज एकही सायकल हलता कामा नये, मग कोणा पाहुण्यांना उद्घाटनाची घाई असली तरी.

आता दानाचा मुद्दा. लंडन ते ब्रायटन ही 54 मैलांची सायकलफेरी हृदयरोगाच्या संशोधनासाठी निधी गोळा करते. स्वार आपले शुल्क भरतो, आणि तो अंतर पार करणार म्हणून त्याचे आप्त-मित्र संस्थेला देणगी देतात. हौसेचे पैसे आणि दानाचे पैसे असे मुळातच दोन प्रवाह असतात. आपल्याकडे ते एकाच पेटीत पडतात, आणि घोटाळा तेथेच होतो.

समजा, शंभर स्वारांनी प्रत्येकी 1,500 रुपये दिले. जमा झाले दीड लाख. टी-शर्ट 35,000, नाश्ता-भोजन 25,000, टेम्पो व रुग्णवाहिका 20,000, मंडप-ध्वनिक्षेपक-फलक 25,000, पदके 15,000. खर्च एक लाख वीस हजार, शिल्लक तीस हजार. पाच हजारांच्या सायकली घेतल्या तर सहा. मंडप, टी-शर्ट आणि पदके वगळली, तर याच रकमेत एकवीस सायकली होतात. शंभर माणसांनी दिवसभर घाम गाळून पंधरा मुलींच्या सायकली मंडपात आणि पदकांत घातल्या, असा त्या ताळेबंदाचा अर्थ निघतो.

टी-शर्टबद्दल कापडाच्या अंगाने एक सांगावयाचे. सुती कापड घाम शोषते, पण भिजल्यावर जड होऊन अंगाला चिकटते. म्हणून स्वार बारीक जाळीचे पॉलिएस्टर पसंत करतात. त्यावर बारा प्रायोजकांची नावे जाड शाईत छापली की जाळी बुजते आणि पाठीस वारा लागत नाही. ज्याच्याकडे जो सदरा आहे तो घालून यावे, वर स्वस्तातले चमकणारे जाकीट चढवावे. शिरस्त्राण मात्र प्रत्येकाला हवेच. रुग्णवाहिका आणि मागून येणारा टेम्पो यांतही काटकसर नको. तो खर्च शुल्कातून व्हावा. देणगीचे खाते निराळे ठेवावे आणि रक्कम धनादेशाने घ्यावी; 2017 च्या अर्थसंकल्पानंतर रोख दोन हजारांपुढील देणगीस आयकरात सवलत मिळत नाही.

सायकलीच का द्याव्यात, असा प्रश्न येतो. बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे 32 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून ठरावीक मागास तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात. बागायती म्हणविल्या जाणाऱ्या तालुक्यातही वाडीवस्तीवरची मुलगी कित्येक किलोमीटर चालतेच. सातवीनंतर शाळा दूर गेली की घरचे तिला थांबवतात. तिचा रस्ता तोच असतो, ज्यावरून रविवारी हौशी स्वार ऊस आणि नदी पाहत जातात.

म्हणून मार्ग आखतानाच त्या मार्गावरील शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटावे आणि दुरून येणाऱ्या मुलींची यादी त्यांच्याकडून घ्यावी. वाटप शाळेच्या आवारात करावे. मुलीला व्यासपीठावर उभे करून छायाचित्रे काढू नयेत. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात पंक्चर महिन्याभरात ठरलेले, आणि वस्तीवर दुकान नसते. प्रत्येक शाळेत एक हवेचा पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य ठेवावे. त्याची किंमत पहिल्या वर्षाच्या हिशेबातच धरावी.