सुई कुणाला टोचते?



आरोग्याच्या बैठकीत आपण रक्तक्षय, बाळंतपण, गर्भनिरोधकं यांवर बोलतो. आज मी सुईवर बोलणार आहे.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी एका नर्सिंग होममध्ये झाडलोट करतात, ठेकेदाराकडून. कचऱ्याची पिशवी उचलताना आतली उघडी सुई त्यांच्या अंगठ्यात घुसली. त्यांनी हात धुतला, चिंधी बांधली आणि उरलेली फरशी पुसली. मला कळलं दोन आठवड्यांनी. "सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतं का?" त्यांनी मलाच विचारलं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं.

एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच सुरू करावी लागतात. ती वेळ गेलेली. बाधित रक्ताच्या सुईतून एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण तीनशेत एक, पण लस न घेतलेल्या बाईला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. मावशींना लस दिलीच नव्हती. सहा महिन्यांनी तपासण्या चांगल्या निघाल्या. तोवर, मी किती समजावलं तरी, त्यांनी घरात आपला पेला वेगळा ठेवला होता.

यावर उपाय आहे. काही सिरिंजमध्ये इंजेक्शन दिल्यावर सुई आत ओढली जाते, काहींत तिच्यावर आवरण सरकतं. लसीकरणातली आपोआप निकामी होणारी सिरिंज वेगळी. ती दुसऱ्यांदा वापरता येत नाही, म्हणजे पेशंट वाचतो. पण सुई उघडीच राहिली तर कचरा उचलणारी वाचत नाही. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित सिरिंजकडे वळायला 2020 पर्यंतची मुदत सुचवली होती. ती केव्हाच उलटली.

अमेरिकेत 1998 साली कॅरन डेली या नर्सला सुया टाकायच्या डब्यातलीच सुई टोचली. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही झाले. त्या गप्प बसल्या नाहीत. नर्सेसच्या लढ्यातून 2000 साली तिथे कायदा झाला. साधनं निवडताना प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्यांचं मत घ्या, असं त्यात आहे. झाडणारीचं मत मात्र तिथेही कुणी विचारलेलं नाही!

आपल्याकडे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत आणि कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस मिळाली पाहिजे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार सुई टोचल्यावरची औषधं देणं ही संस्थेची जबाबदारी आहे.

हे कागद घेऊन आम्ही चौघी डॉक्टरांकडे गेलो. डबा आला, मावशींसह तिघींना लस मिळाली. सुरक्षित सिरिंजबद्दल उत्तर आलं, "महाग पडते." येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी मावशी स्वतः बोलणार आहेत. तुमच्यापैकी कोण येतंय?